धोक्याच्या शहरात परदेशी माध्यमांवर लक्ष ठेवणारे कार्यालय चालवावे का, आणि चालवायचे तर कसे?

इंदूरच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या कंपनीचे एका परदेशी राजधानीत छोटे कार्यालय आहे. तिथले स्थानिक मॉनिटर त्या देशातील टीव्ही, रेडिओ, वर्तमानपत्रे आणि टेलिग्राम वाहिन्या पाहून-ऐकून त्यांचा गोषवारा व भाषांतर इंदूरच्या संपादकीय कक्षाकडे पाठवतात आणि तिथून ते मदतसंस्था, विमा कंपन्या व संशोधन संस्थांकडे जाते. अलीकडे दोन मॉनिटरांना धमकीचे फोन आले आणि जवळच्याच रस्त्यावर स्फोट झाला. व्यवस्थापनाच्या मनात भिंत उंच करून पहारेकरी वाढवायचे आहेत, आणि या गृहस्थांनी तिथे प्रमुख म्हणून जावे असा आग्रह आहे. त्यांनी शहराचे नाव दिलेले नाही, ते योग्यच केले. मीही इंदूरचाच आहे. काबूलमध्ये असे कार्यालय मी काही वर्षे सांभाळले, त्या आधारावर हे उत्तर लिहितो आहे.

प्रश्नात आपण इमारतीबद्दल बरेच लिहिले आहे आणि माणसांबद्दल कमी, म्हणून आधी मूळ अडचण माझ्या शब्दांत मांडतो. आपले काम उघड्यावरचे आहे. जे कोणालाही ऐकू येते तेच आपण ऐकतो. त्यामुळे आपल्याकडे चोरण्यासारखे काही नाही आणि आपल्याला धोका कमी, असे इंदूरला बसून वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या शहरातल्या सशस्त्र गटाला किंवा तिथल्या सरकारच्या एखाद्या खात्याला एवढेच दिसते की एका घराच्या गच्चीवर पाच-सहा डिश आहेत, आत रात्रभर दिवे जळतात आणि त्याच शहरातली काही माणसे परदेशी पगारावर दिवसभर कोणाचे तरी बोलणे लिहून घेतात. संशय त्या माणसांवर येतो आणि तो त्यांच्या घरापर्यंत जातो. आपण परत येऊ शकता; त्यांचे आईवडील, मुले आणि गल्ली तिथेच राहते. म्हणून आपल्यापुढचा खरा प्रश्न असा आहे की हे कार्यालय अशा रीतीने बांधता येईल का, की ते चालू ठेवण्यासाठी कोणत्याही मॉनिटरला कधीही धाडस करावे लागू नये. ते जमत असेल तर कार्यालय ठेवावे. एखाद्याच्या शौर्यावरच रोजची पाळी उभी राहत असेल तर, माझ्या मते, ते बंद करावे, मग भिंत कितीही उंच असो.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य केले पाहिजे. धमकी नावानिशी आली आहे की साऱ्या माध्यमक्षेत्राला उद्देशून आहे. ती देणारा सशस्त्र गट आहे, सरकारी यंत्रणा आहे की नुसता खंडणीखोर. कार्यालयाची तिथे रीतसर नोंदणी आणि डिश बसवण्याचा परवाना आहे का. मॉनिटरांत स्त्रिया किंवा अल्पसंख्य समाजातील कोणी आहेत का. या प्रत्येकाच्या उत्तरानुसार सल्ला बदलतो. विशेषतः धमकी सरकारी यंत्रणेकडून असेल तर पुढे लिहिलेले पुष्कळसे उपाय अपुरे पडतात, कारण पहारेकरी, टेलिफोन कंपनी आणि नाक्यावरचा शिपाई हे सगळे त्याच यंत्रणेच्या हाताखाली असतात. इराणने १९९०च्या दशकातच घरगुती डिशवर कायद्याने बंदी घातली होती. अशा देशात गच्चीवरची एक डिश हेच खटल्याला पुरेसे कारण ठरू शकते. तिथे माझे उत्तर सरळ आहे: काम देशाबाहेरून करावे.

आता पहिले काम. आपण ज्या ज्या स्रोतांवर लक्ष ठेवता त्यांची यादी घेऊन बसा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: हे ऐकण्यासाठी त्या शहरात माणूस बसणे खरोखर आवश्यक आहे का? या व्यवसायाचा इतिहासच मुळी दुरून ऐकण्याचा आहे. बीबीसीची मॉनिटरिंग सेवा १९३९ साली सुरू झाली ती लंडनबाहेर, ईव्हशॅमजवळच्या वुड नॉर्टन येथे, आणि १९४३ साली ती रेडिंगजवळच्या कॅव्हरशॅम पार्कमध्ये गेली. २८ ऑक्टोबर १९६२ रोजी क्युबातील क्षेपणास्त्रे काढून घेण्याचा सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचा निर्णय मॉस्को रेडिओवरून वाचला गेला आणि तो पश्चिमेकडे सर्वप्रथम ऐकला गेला तो अशाच दूर बसलेल्या कानांनी. आज तर उपग्रह वाहिन्यांचे प्रक्षेपण अनेक देशांवर पसरलेले असते, बहुतेक वृत्तवाहिन्या इंटरनेटवर थेट दिसतात आणि टेलिग्रामला शहराची सीमा नाही.

मी हे काम केले तेव्हा यादीचा मोठा भाग काबूलबाहेर हलवता येतो असे दिसून आले. मागे उरले ते काही डझन किलोमीटरपलीकडे न पोचणारे एफएम, इंटरनेटवर न येणारी छोटी वर्तमानपत्रे आणि साप्ताहिके, भिंतीवर लागलेली पत्रके, आणि शुक्रवारच्या प्रवचनांतला जो भाग ध्वनिक्षेपकावरून रस्त्यावर ऐकू येतो तो. यांपैकी एफएमसाठीही माणूस बसवण्याची गरज नसते. एक रिसीव्हर, ध्वनिमुद्रण करणारा छोटा संगणक आणि दिवसाचे मुद्रण रात्री बाहेर पाठवणारी जोडणी एवढ्यावर भागते, भाषांतर कुठेही बसून होते. म्हणजे कार्यालय आकाराने लहान होते, आणि लहान कार्यालय कमी डोळ्यांत भरते.

येथे इंदूरचा उपयोग आपल्याला वाटतो त्याहून अधिक आहे. काबूल आणि भारत यांच्या घड्याळात एकच तासाचे अंतर आहे. तिथे सकाळच्या सहाच्या बातम्या लागतात तेव्हा इथे सात वाजलेले असतात, त्यामुळे इथली सकाळची पाळी तिथली पाळी जशीच्या तशी उचलू शकते. आपले शहर कोणते हे मला ठाऊक नाही, पण भाषा उर्दू किंवा सिंधी असेल तर माणसेही इथेच मिळतात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वस्ती इंदूरला मोठी आहे. मात्र सिंधी कॉलनीतील तरुण मुलगा सिंधी अस्खलित बोलतो म्हणून तो कराचीचे सिंधी वर्तमानपत्र वाचू शकेल असे धरून चालू नका. तिकडचे छापील सिंधी अरबी वळणाच्या लिपीत असते आणि ती सराईतपणे वाचणारे इथे बहुधा जुन्या पिढीचेच आहेत. म्हणून टीव्ही ऐकायला तरुण आणि छापील मजकुराला वयस्क, अशी जोडी लावावी. पश्तो आणि दारीसाठी भारतात शिकलेल्या अफगाण विद्यार्थ्यांकडे पाहावे, पण त्यांचेही कुटुंब मागे तिथेच आहे हे विसरू नये. त्यांना आणि तिथल्या मॉनिटरांना गुप्ततेचा नियम एकच.

यासोबत एक इशारा. भारतात बसून परदेशी वाहिन्या पाहण्यालाही नियम आहेत आणि ते परिस्थितीनुसार बदलतात. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ अखेरीस केंद्र सरकारने पाकिस्तानच्या १६ यूट्यूब वाहिन्या भारतात बंद केल्या आणि मे महिन्यात ओटीटी मंचांना पाकिस्तानी आशय काढण्याची सूचना दिली. अशा वेळी आडमार्गाने जोडणी लावून काम चालू ठेवू नका. वकिलाचा लेखी सल्ला घ्या, लागेल ती परवानगी संबंधित मंत्रालयाकडून मागा, आणि ती मिळेपर्यंत तो स्रोत यादीतून काढून ग्राहकाला तसे कळवा.

उरलेल्या माणसांच्या सुरक्षेत सर्वांत मोठा भाग रस्त्याचा आहे, आणि नेमके तिथेच व्यवस्थापनाचे लक्ष सर्वांत कमी असते. ऑक्टोबर २०१५मध्ये तालिबानने तोलो टीव्ही या काबूलच्या खासगी वाहिनीला उघडपणे लष्करी लक्ष्य ठरवले. हल्ला झाला तो २० जानेवारी २०१६ रोजी, म्हणजे तीन महिन्यांनी, आणि तो वाहिनीच्या इमारतीवर झाला नाही. संध्याकाळी कर्मचाऱ्यांना घरी नेणाऱ्या बसवर झाला. त्यात सात कर्मचारी मारले गेले. या एका घटनेतून मी दोन नियम घेतले. धमकीनंतरचे शांत आठवडे हे धोका टळल्याचे लक्षण मानायचे नाही. आणि सगळ्यांना एकाच गाडीत, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्याने न्यायचे नाही. ३१ मे २०१७ रोजी काबूलमध्ये सकाळच्या गर्दीत जो ट्रकबॉम्ब फुटला त्यात दीडशेहून अधिक माणसे गेली. सहकाऱ्यांना कार्यालयात पोचवणारा बीबीसीचा चालक त्यांतला एक होता. भिंतीवर होणारा खर्च त्याच्या उपयोगाचा नव्हता.

म्हणून पाळीबदलाची वेळ तोडून टाका. सर्वांनी आठ वाजता यायचे आणि आठ वाजता निघायचे ही पद्धत सोयीची असली तरी त्यामुळे दिवसातून दोनदा फाटकाबाहेर घोळका जमतो. आमच्याकडे मॉनिटर दोन तासांच्या अवधीत केव्हाही येत, पुढचा आल्याशिवाय आधीचा उठत नसे, आणि रात्रपाळीचे लोक आतच झोपून दिवस वर आल्यावर निघत. गाडीवर नाव नको, काचेवर पास नको. ओळखपत्र कार्यालयातच ठेवून जावे. घरून काम करू देणे हा पर्याय मोहक वाटतो, आणि काही जणांसाठी तो उत्तमही ठरतो. पण दाट वस्तीत राहणाऱ्या मॉनिटरच्या घरातून रात्री दोन वाजता विरोधी गटाच्या रेडिओचा आवाज येऊ लागला तर शेजाऱ्यांना काय वाटेल, याचा विचार त्याच्याशी बोलूनच करावा लागतो. हा निर्णय त्याचा असावा, आपला नव्हे.

इमारतीबद्दलही काही सांगायला हवे, कारण आतली जी कामे खरोखर उपयोगी असतात ती स्वस्त असतात. स्फोटात कार्यालयातल्या माणसाला सर्वाधिक इजा काचेने होते. प्रत्येक खिडकीला स्फोटरोधक फिल्म लावा, टेबले खिडकीपासून दूर आतल्या भिंतीला सरकवा, आणि आवाज झाला की खिडकीशी न जाता इमारतीच्या आतल्या बोळात जायचे, हे सर्वांच्या अंगवळणी पाडा. कुतूहल हा आपल्या व्यवसायाचा गुण असल्यामुळे हे शिकवायला वेळ लागतो. ३० एप्रिल २०१८ रोजी काबूलमध्ये पहिला स्फोट झाला, वार्ताहर तिथे जमले, आणि त्यांच्यातच कॅमेरा घेऊन मिसळलेल्या दुसऱ्या हल्लेखोराने स्वतःला उडवले. त्या दिवशी तिथे नऊ पत्रकार मारले गेले. मॉनिटरचे काम टीव्ही पाहण्याचे आहे. बाहेर काय झाले ते त्याने टीव्हीवरच पाहावे.

गच्चीकडे विशेष लक्ष द्या. काबूलच्या हिवाळ्यात डिशच्या वाडग्यात बर्फ साचतो, चित्र तुटू लागते, आणि पहाटेच्या पाळीतला कोणीतरी खराटा घेऊन वर जातो. उंच, उघड्या गच्चीवर, आजूबाजूच्या सगळ्या घरांच्या नजरेत, पहाटेच्या उजेडात तो माणूस दहा-पंधरा मिनिटे उभा असतो. आम्ही डिशभोवती छातीएवढ्या उंचीचा पत्रा उभा केला आणि बर्फ पडत असताना उपग्रहाची वाहिनी सोडून तीच वाहिनी इंटरनेटवरून घ्यायची असा नियम केला. चित्र खराब आले तर चालेल, गोषवाऱ्याला ते पुरते. जनरेटरचे डिझेलही इमारतीला टेकून ठेवू नका.

यानंतर याद्या. कार्यालय कोणत्या वाहिन्यांकडे लक्ष देते आणि कोण देते, हीच आपल्याकडची एकमेव नाजूक माहिती आहे. भाषांतराखाली मॉनिटरचे नाव किंवा आद्याक्षरेही नकोत. अंकांचा संकेत पुरे, आणि अंकांची किल्ली फक्त इंदूरला असावी. दस्तऐवज ज्याने तयार केला त्याचे नाव फाइलच्या आतल्या माहितीत आपोआप राहते, ते पाठवण्यापूर्वी पुसले जाईल अशी व्यवस्था करा. हजेरीपट, पगारपत्रक, आणीबाणीत कळवायच्या नातेवाइकांची यादी, गाडीच्या चालकाकडची पत्त्यांची वही आणि सर्वांचे क्रमांक उघड दाखवणारा व्हॉट्सअ‍ॅपचा गट, हे सगळे मिळून एक नकाशा होतो. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल घेतले, त्यानंतरच्या दिवसांत तिथे अनेकांना सर्वाधिक भीती होती ती मागे राहिलेल्या अशा नोंदींची. आपल्या कार्यालयात त्या कुठे कुठे आहेत हे पहिल्याच आठवड्यात स्वतः फिरून पाहा, कोणावर सोपवू नका.

धमकीच्या फोनांबद्दल आपण विचारले आहे. माझ्या अनुभवात सशस्त्र गटांना आपली पत्रके भाषांतरित व्हावीत असेच वाटत असते. राग येतो तो शब्दांवर आणि शीर्षकांवर. मृतांचा आकडा कोणाच्या तोंडी घातला, 'हल्ला' लिहिले की 'कारवाई', आपला नेता 'म्हणाला' की त्याने 'दावा केला'. यावर दोन उपाय आहेत. प्रत्येक वाक्यात कोण बोलले ते लिहावे आणि मूळचे विशेषण, ते आपल्याला कितीही खटकणारे असले तरी, तसेच ठेवावे; घाबरून सौम्य केलेले भाषांतर ग्राहकाची फसवणूक करते आणि उद्या दुसऱ्या बाजूलाही खटकते. दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा आहे: निवड, शीर्षक आणि अंतिम मजकूर हे तिन्ही इंदूरला ठरावेत, आणि ते खरोखरच तिथे ठरावेत. मग फोन करणाऱ्याला तिथला मॉनिटर खोटे न बोलता सांगू शकतो की शब्द माझ्या हातात नाहीत, तक्रार असेल तर या पत्त्यावर लिहा. त्या पत्त्यावर आलेल्या प्रत्येक तक्रारीला वरिष्ठाच्या नावाने उत्तर गेले पाहिजे. आमच्याकडे हे सुरू झाल्यावर मॉनिटरांना येणारे फोन पुष्कळ कमी झाले.

आपले स्वतःचे साहित्य आपण स्वतःच्या रक्षणासाठीही वाचले पाहिजे. २० नोव्हेंबर १९७९ रोजी मक्केच्या मशिदीचा ताबा सशस्त्र बंडखोरांनी घेतला; त्यामागे अमेरिका आणि इस्रायल असल्याचा निराधार आरोप इराणचे नेते खोमेनी यांच्या नावाने रेडिओवरून झाला आणि २१ तारखेला इस्लामाबादमध्ये जमावाने अमेरिकेचा दूतावास जाळला. दूतावासातल्या मृत चौघांत दोघे पाकिस्तानी कर्मचारी होते. रवांडात १९९४ सालच्या वंशसंहारात आरटीएलएम रेडिओ माणसांची नावे आणि गाड्यांचे क्रमांक वाचून दाखवत असे. असा मजकूर आपल्या कानावर इतरांच्या आधी पडतो. परदेशी कार्यालयांबद्दल, दुभाष्यांबद्दल किंवा आपल्या वस्तीबद्दल भाषा तापू लागली की तो मजकूर ग्राहकाकडे जाण्यापूर्वी पाळीप्रमुखाच्या टेबलावर गेला पाहिजे, असा लेखी नियम ठेवा.

कार्यालय केव्हा थांबवायचे हे शांततेच्या दिवशी ठरवून ठेवावे. कोणत्या गोष्टी घडल्या तर एक पाळी रद्द, कोणत्या घडल्या तर आठवडाभर सर्व काम इंदूरहून, कोणत्या घडल्या तर कुलूप, हे एका पानावर लिहा आणि त्यावर व्यवस्थापनाची सही घ्या. पाळी रद्द करण्याचा अधिकार आपल्याप्रमाणेच पाळीतल्या सर्वांत कनिष्ठ मॉनिटरला, चौकीदाराला आणि चालकालाही असू द्या. वस्तीत अनोळखी माणसे फिरत आहेत हे चौकीदाराला सर्वांत आधी कळते. कारण नंतर विचारावे, आणि त्या दिवसाचा पगार कापू नये. हे नुसते कागदावर राहू नये म्हणून महिन्यातून एकदा, काहीही घडलेले नसताना, एखाद्या साध्या मंगळवारी पाळी मध्येच बंद करून इंदूरकडे द्या. सुरुवातीला अर्धा तास गोंधळ होईल, कोणाला पासवर्ड सापडणार नाही, एखादी वाहिनी राहून जाईल. काही महिन्यांत ते पाच मिनिटांचे काम होते. ग्राहकांच्या करारातही असा खंड पडू शकतो हे आधीच लिहून घ्या, म्हणजे ऐन वेळी विक्री विभाग आपल्याला 'आजचा दिवस निभावून न्या' असे म्हणणार नाही.

शेवटी बंद करण्याची वेळ आलीच तर दोन गोष्टी आधीपासून तयार असाव्या लागतात. पहिली म्हणजे पैसे. ऑगस्ट २०२१मध्ये काबूलच्या बँका काही दिवस बंद होत्या आणि महिनाअखेरीस उघडल्या तेव्हा आठवड्याला २०० डॉलर किंवा २०,००० अफगाणी एवढेच काढता येत होते. निदान तीन महिन्यांचा पगार संकटाआधीच, रोखीने, प्रत्येकाच्या हाती असला पाहिजे. कार्यालयाच्या तिजोरीत ठेवलेला पैसा त्या दिवशी कोणाला मिळत नाही. दुसरी म्हणजे सेवेचा दाखला. परदेशी व्हिसासाठी तो लागतो, आणि तोच कागद नाक्यावरच्या झडतीत खिशात सापडला तर जीवावर बेतू शकतो. म्हणून प्रत्येक मॉनिटरचा दाखला, पासपोर्टची प्रत आणि कुटुंबातील सर्वांची नावे-जन्मतारखा इंदूरला कुलूपबंद ठेवाव्यात, त्याच्याजवळ काहीही नसावे, आणि त्याने कुठूनही संदेश पाठवला की त्याच दिवशी कागद संबंधित दूतावासाकडे जातील अशी जबाबदारी इंदूरमधल्या एका विशिष्ट माणसावर, पर्यायी माणसासह, टाकावी. आपण तिथे रुजू होण्याचे मान्य करण्यापूर्वी हा माणूस कोण आहे, असे व्यवस्थापनाला विचारा. नाव मिळाले नाही, तर ते मिळेपर्यंत तिकीट काढू नका.